वाऱ्यात पोलने मासेमारी : रोलर कसा निवडावा आणि स्थिर कसा ठेवावा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही माहिती नेमक्या कोणत्या मासेमारीविषयी आहे?

ब्रिटनमध्ये आणि युरोपातल्या इतर काही देशांत रोच, ब्रीम, कार्प यांसारखे गोड्या पाण्यातले मासे लांब पोलने धरण्याची पद्धत आहे, आणि हे प्रश्न त्या पद्धतीविषयी आहेत. या पोलला रीळ नसते. कार्बन तंतूंच्या पोकळ नळ्या एकमेकींत बसवून १०, १३ किंवा १६ मीटर लांबीचा पोल तयार होतो. सर्वांत पुढच्या भागाला टॉप किट म्हणतात. त्याच्या पोकळीतून इलास्टिक ओवलेले असते आणि त्या इलास्टिकच्या टोकाला दोरा, फ्लोट व गळ जोडलेले असतात. मासा लागला की संपूर्ण पोल पाठीमागे सरकवत न्यावा लागतो, टॉप किटचा जोड हाताशी आला की तेवढा भाग सोडवून घ्यावा लागतो आणि मग मासा जाळ्यात घ्यावा लागतो. या वेळात उरलेला दहाएक मीटरचा पोल मासेमाराच्या पाठीमागे जमिनीपासून वर, ज्यावर टेकलेला असतो, ते साधन म्हणजे पोल रोलर.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी वाचकांपैकी जे या छंदाकडे नव्याने वळले आहेत, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून उत्तरे लिहिली आहेत.

शांत हवेत उत्तम चालणारा रोलर वारा सुटताच का फसतो?

वाऱ्याचा आडवा दाब पोलच्या वजनाच्या बरोबरीचा, आणि झोत आला की त्याहून कितीतरी अधिक असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पोल हलका असतो आणि हलकेपणासाठीच आपण त्याचे पैसे मोजलेले असतात. १३ मीटरच्या पोलचा टॉप किट सोडवला की मागे साधारण साडेदहा मीटर लांबीचा भाग राहतो, ज्याची सरासरी जाडी ३ सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन एक किलोपेक्षा कमी असते. त्याची वाऱ्याला आडवी येणारी बाजू मात्र सुमारे ०.३ चौरस मीटर भरते.

आता हवामानाचा अंदाज ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे ताशी सुमारे २२ मैल वाऱ्याचा आहे असे समजा. हा आकडा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. कमरेच्या उंचीवर वारा मंदावतो, म्हणून तो ताशी २५ किलोमीटर धरू. एवढ्या वाऱ्यात त्या साडेदहा मीटर पोलवर बाजूने सुमारे एक किलो वजनाइतका दाब पडतो. पोल रोलरवर केवळ स्वतःच्या वजनाने टेकलेला असल्यामुळे त्याला जागेवर धरून ठेवणारे बळ आणि त्याला बाजूला लोटणारे बळ जवळजवळ सारखेच होते. त्यातही वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि वेग केवळ दीडपट करणारा एखादा झोतसुद्धा दाब सव्वादोन पट करून जातो. रोलर उलटतो तो या झोताने. म्हणून हवामानाचा अंदाज पाहताना सरासरी वाऱ्यापेक्षा झोतांचा आकडा आधी पाहावा. ब्रिटिश हवामान खात्याच्या अंदाजात तो वेगळा दिलेला असतो.

पोल हातात असताना आपण अर्धा भार सांभाळून घेतो. खरा धोका मासा जाळ्यात घेताना असतो, कारण तेव्हा दोन्ही हात आणि सगळे लक्ष पुढे गुंतलेले असते आणि पाठीमागचा पोल मिनिट-दोन मिनिटे पूर्णपणे रोलरच्या भरवशावर असतो. रोलरची परीक्षा त्या दोन मिनिटांसाठी करावी.

बाजारात रोलरचे कोणते प्रकार मिळतात?

मुख्य प्रकार दोन आहेत. सपाट रोलरमध्ये फोम गुंडाळलेली एक लांब आडवी फिरती नळी असते, तिच्या दोन्ही टोकांना उभे खांब असतात आणि खाली लांबी कमीजास्त करता येणारे चार पाय असतात. व्ही आकाराच्या रोलरमध्ये दोन फिरत्या नळ्या तिरक्या बसवलेल्या असतात, त्यामुळे पोल आपोआप मधल्या खोबणीत उतरतो. हा घडी करून छोटा होतो, उघडायला सोपा असतो आणि खडबडीत बांधावरही चटकन उभा राहतो. यांखेरीज तीन पायांवर उभे राहणारे हलके रोलरही मिळतात.

मग वाऱ्यासाठी व्ही चांगला की सपाट?

व्ही रोलरच्या खोबणीतून पोल निसटूच शकत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. त्याच्या भुजा ४५ अंशांत असतील, तर बाजूचा दाब त्या रोलरवर टेकलेल्या वजनाइतका झाला की पोल भुजेवरून वर चढू लागतो. नळ्या फिरत्या असल्यामुळे घर्षणाची मदत फारशी मिळत नाही. वर पाहिल्याप्रमाणे एवढा दाब काही वादळी म्हणता येणार नाही. म्हणून व्ही रोलर घ्यायचा असेल, तर ज्याच्या भुजा अधिक उभ्या आणि लांब आहेत असाच घ्यावा. दुकानात भुजांचा कोन कोणी सांगत नाही, पण दोन रोलर शेजारी शेजारी उघडून पाहिले की फरक नजरेला दिसतो.

सपाट रोलरवर पोल झोत येताच सरकतो, पण तो वारा जिकडे जातो त्या टोकाच्या उभ्या खांबाला जाऊन टेकतो आणि तिथेच राहतो. उभ्या खांबावर चढून जायला पोलला काही आधार नसतो. त्यामुळे चांगल्या वाऱ्यात मी सपाट रोलरलाच झुकते माप देतो, मात्र दोन अटींवर: खांब किमान वीतभर उंच हवेत, आणि त्यांच्यावरही फोमचे फिरते आवरण हवे. उघड्या धातूच्या किंवा कडक प्लास्टिकच्या खांबाला घासत पोल मागेपुढे करणे म्हणजे एका दिवसात त्याच्यावर ओरखड्यांची नक्षी काढून घेणे होय.

एकच रोलर पुरेल की दोन घ्यावेत?

११ मीटरपर्यंतच्या पोलला एक रोलर पुरतो. त्याहून लांब पोल वाऱ्यात वापरायचा असेल तर दोन घ्यावेत आणि एका महागड्या रोलरऐवजी दोन साधे, पण रुंद पायांचे रोलर घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पोल मागे सरकवायला लागलो की त्याचे बूड हवेत असते आणि रोलरपर्यंतचे अंतर केवळ आपल्या हातांच्या जोरावर कापते. रोलर एकच असेल तर तो तोलाच्या हिशेबाने सहा मीटरच्या पुढे ठेवावा लागतो, आणि आडव्या वाऱ्यात सहा मीटर अंतर अधांतरी गेलेले बूड नेमके रोलरवर उतरवणे हा नशिबाचा भाग होतो. दोन रोलर असले की पहिला तीन-चार मीटरवर ठेवता येतो, आणि तो बुडाला दुसऱ्याकडे वाट दाखवतो.

जोडीत पहिला व्ही आणि दुसरा रुंद सपाट ठेवणे मला अधिक सयुक्तिक वाटते. पहिल्याने पोलची रेषा बांधून द्यायची असते. दुसऱ्यापर्यंत पोहोचताना बूड हातभर इकडेतिकडे होणारच, म्हणून त्याचे तोंड रुंद हवे.

रोलर नेमके किती अंतरावर ठेवावेत?

दुसऱ्याने सांगितलेल्या पावलांवर विसंबू नये, कारण हे अंतर आपल्या पोलवर आणि आपण तो कोणत्या जोडापाशी सोडवतो यावर ठरते. घरच्या अंगणात किंवा मैदानात, वारा नसताना, पोल पूर्ण जोडावा आणि टॉप किट काढून बाजूला ठेवावा. उरलेला भाग एका रोलरवर ठेवून पुढेमागे सरकवत तो जिथे समतोल राहतो ती जागा शोधावी. पोल बुडाकडे जाड आणि जड होत जात असल्यामुळे ही जागा मध्यावर येत नाही, ती बुडाच्या बाजूला सरकलेली असते. तिथे रंगीत चिकटपट्टीची एक अरुंद खूण करावी आणि पुढच्या जोडापासून तिथपर्यंतचे अंतर मोजून ठेवावे.

समजा हे अंतर ६ मीटर आले. दोन रोलर असतील तर तोल त्या दोघांच्या मध्ये पडला पाहिजे, म्हणजे पहिला आपल्या गुडघ्यापासून साडेतीन ते चार मीटरवर आणि दुसरा आठ मीटरच्या आसपास. अशा वेळी पोल दोन्ही बाजूंनी आधारलेला असतो आणि हात काढला तरी कुठेच झुकत नाही. दोन्ही रोलर तोलाच्या पुढेच, म्हणजे आपल्या बाजूला ठेवले गेले, तर बूड जमिनीवर आदळते आणि पोलचे पुढचे टोक आकाशाकडे उचलले जाऊन वाऱ्याला आयते सापडते. एकच रोलर असेल तर तो तोलाच्या जागेपेक्षा दोन-चार वीत मागे ठेवावा, जेणेकरून पुढची बाजू किंचित जड राहील आणि ती सीटबॉक्सच्या (बसायच्या पेटीच्या) बाजूच्या आधारावर टेकून राहील. त्या आधाराला खाच किंवा फोमची वळी हवी, नाहीतर रोलरवर स्थिर असलेला पोल पुढच्या बाजूने घसरेल.

खोल पाण्यात टॉप किटऐवजी चौथ्या किंवा पाचव्या सेक्शनपाशी (पोलच्या एकेका नळीला सेक्शन म्हणतात) पोल सोडवावा लागतो. तेव्हा मागे उरणारा भाग आखूड होतो आणि तोलाचे गणित पुन्हा करावे लागते. यासाठी वेगळ्या रंगाची दुसरी खूण करून ठेवणे सोयीचे पडते. सकाळी घाईत आणि वाऱ्यात हे मोजत बसणे शक्य नसते.

उंची किती असावी?

शांत हवेत रोलर मांडीच्या रेषेत ठेवतात, म्हणजे पोल जमिनीला समांतर मागे जातो. वाऱ्यात तो त्याहून थोडा खाली घ्यावा. जमिनीलगत वारा मंद असतो, आणि रोलर जितका उंच तितकी त्याला उलटवणारी तरफ लांब. किती खाली न्यावे याला मर्यादा आहे: बूड पहिल्या रोलरच्या नळीखाली अडकू लागले किंवा गवताला लागू लागले, की तो फार खाली गेला असे समजावे. पाठीमागे चढ असलेल्या बांधावर दुसऱ्या रोलरचे पाय पूर्ण आखडून घ्यावे लागतात. उतार असेल तर उलट ते लांबवावे लागतात, आणि तो रोलर सर्वांत आधी उलटतो. अशा जागी वजन टांगायचे ते प्रथम त्या रोलरला.

रोलरला वजन टांगण्याचा खरोखर उपयोग होतो का?

इतर सर्व उपायांपेक्षा अधिक होतो, आणि त्याला खर्चही नसतो. हिशेब साधा आहे. रोलर आणि त्यावरचा पोल यांचे एकूण वजन ३ किलो, पायांच्या फाकेची निम्मी रुंदी ३० सेंटिमीटर आणि पोलची उंची ७० सेंटिमीटर धरली, तर रोलरला उभे ठेवणारा आघूर्ण ३ गुणिले ३०, म्हणजे ९० होतो. एक किलोचा बाजूचा दाब ७० सेंटिमीटर उंचीवर ७० चा आघूर्ण निर्माण करतो, तेव्हा रोलर कसाबसा उभा राहतो. झोत येऊन तो दाब दोन किलोवर गेला की १४० होतात आणि रोलर आडवा. त्याच रोलरच्या मधोमध ५ किलो टांगले, तर ८ गुणिले ३० म्हणजे २४० होतात, आणि तो झोत अंगावरून जातो.

पाच लिटर पाण्याचा कॅन म्हणजे पाच किलो. घरून ओझे वाहून आणण्याची गरज नाही, रिकामा कॅन किंवा घडी होणारी बादली आणून काठावर भरून घ्यावी. दोरी एवढीच सोडावी की भांडे जमिनीपासून बोटभर वर राहील. भांडे जमिनीवर टेकले तर वजन जमीन घेते आणि रोलरला काहीच मिळत नाही. फार उंच टांगले तर ते झुलू लागते आणि प्रत्येक झोक्याला रोलरला हिसका बसतो. झुलणे थांबवण्यासाठी भांडे एका पायाला दुसऱ्या आखूड दोरीने बांधावे.

वारा दिवसभर एकाच दिशेचा असेल, तर वजन मधोमध न टांगता वाऱ्याकडच्या पायांजवळ टांगल्याने तेवढ्याच पाण्यात अधिक आधार मिळतो, कारण उलटण्याची धार विरुद्ध बाजूच्या पायांवर असते. वारा फिरता असेल तर मात्र मधोमधच बरे. पाच ते आठ किलोंपलीकडे जाऊ नये. लांब-आखूड होणाऱ्या पायांचे अडकवण अधिक भाराने घसरते, आणि हळूहळू खाली बसणारा रोलर लक्षात येईपर्यंत बूड गवतात गेलेले असते. विकत घेतानाच पाय कसून घट्ट करून रोलरवर दोन्ही तळहातांनी दाब देऊन पाहावा. दुकानात जो घसरतो तो काठावरही घसरणारच.

खुंट्या ठोकणे अधिक सोपे नाही का?

माती मऊ असेल तर तंबूच्या खुंट्या आणि बंजी, म्हणजे ताणली जाणारी दोरी, यांचा उपयोग होतो. वाऱ्याकडच्या दोन्ही पायांपासून थोड्या बाहेर एकेक खुंटी तिरकी ठोकावी आणि दोरी आडव्या नळीच्या टोकापाशी घ्यावी, पायाच्या तळाशी नव्हे. स्क्रूसारखी फिरवून आत जाणारी खुंटी सरळ खुंटीपेक्षा कितीतरी घट्ट बसते. परंतु व्यावसायिक मत्स्यतलावांच्या पेगमागे (पेग म्हणजे काठावरची बसण्याची ठरलेली जागा) बऱ्याचदा खडी टाकलेला पक्का रस्ता असतो, तिथे खुंटी आत शिरत नाही आणि ती ठोकलेली मालकाला चालतही नाही. शिवाय खुंट्यांनी जखडलेला रोलर वारा फिरल्यावर हलवणे त्रासाचे होते. म्हणून वजन हा मुख्य उपाय आणि खुंटी हा जोड उपाय मानावा.

काही जण व्ही रोलरच्या दोन्ही भुजांना जोडणारी बंजी पोलवरून आडवी टाकतात. सुटा ठेवलेला जादा पोल सांभाळायला हे ठीक आहे. चालू पोलवर मी ते करणार नाही, कारण पोल पुन्हा पुढे ढकलण्याच्या घाईत ती काढायची राहते आणि पोलबरोबर रोलरही ओढला जातो.

वाऱ्याच्या दिशेप्रमाणे रोलरची मांडणी बदलावी का?

अवश्य बदलावी, आणि या एका गोष्टीने अर्धी झटापट संपते. पोलवरचा आडवा दाब पोल आणि वारा यांच्यातल्या कोनावर अवलंबून असतो. वारा पोलला काटकोनात लागत असेल तेव्हा तो सर्वाधिक. कोन ६० अंशांचा केला की साधारण पाव दाब कमी होतो, आणि ४५ अंशांचा केला की निम्मा राहतो.

कोणत्या बाजूला वळवायचे हेही महत्त्वाचे आहे. चर्चच्या शिखरावरचा वातदर्शक आपले लांब शेपूट नेहमी वारा जिकडे जातो तिकडे ठेवतो. पोल मागे घेताना त्याचा लांब आणि जाड भाग आपल्या पाठीमागे असतो, म्हणून तोही वारा जिकडे जातो त्या बाजूला कललेला असावा आणि पुढचे टोक किंचित वाऱ्याकडे रोखलेले असावे. वारा डावीकडून येत असेल तर दोन्ही रोलर सरळ पाठीमागच्या रेषेपेक्षा उजवीकडे ठेवावेत. उलट मांडणी केली तर प्रत्येक झोत बुडाला फिरवून टाकू पाहतो आणि मनगटे दुपारपर्यंत भरून येतात.

सपाट रोलर मांडताना आणखी एक करावे: पोलची रेषा त्याच्या मधोमध न आणता वाऱ्याकडच्या तिसऱ्या हिश्श्यावर आणावी. पोल तिथे उतरतो, सरकतो आणि पलीकडच्या खांबाला टेकून स्थिरावतो. मधोमध आणल्यास त्याला सरकायला जागा कमी उरते आणि चुकून पलीकडे पडण्याची शक्यता वाढते.

ब्रिटनमध्ये नैऋत्येचा वारा सर्वाधिक वाहतो, त्यामुळे ओळखीच्या तलावावर कोणत्या पेगला तो आडवा लागतो हे एकदा नकाशावर पाहून ठेवता येते. स्पर्धेत पेग चिठ्ठीने मिळतो, तिथे निवडीला वाव नसतो. पण मौजेखातर गेल्यावर वारा पाठीवर घेता येईल असा काठ सोडून आडव्या वाऱ्याच्या काठावर बसण्याचे कारण मला कधी उमगलेले नाही.

पोल मागे घेताना हातांनी काय करावे?

टोक पाण्याच्या जवळ ठेवावे, कारण उंच धरलेले टोक वाऱ्याच्या ताब्यात जाते. वाऱ्याकडचा हात पोलवर पुढे आणि दुसरा मागे ठेवून पोल मांडीला लावून सरकवावा. झोत आला की सरकवणे थांबवावे, पोल मांडीवर दाबून धरावा आणि झोत ओसरल्यावरच पुढची हालचाल करावी. झोत चालू असताना घाईघाईने पोल मागे ढकलणे हे रोलर उलटण्याचे दुसरे मोठे कारण आहे. बूड रोलरवर उतरले की नाही हे मान वळवून प्रत्यक्ष पाहावे. सवयीच्या मासेमाराला ते आवाजाने आणि हाताला लागणाऱ्या भाराने कळते, पण वाऱ्यात आवाज ऐकू येत नाही.

वारा वाढत गेल्यास १३ मीटरऐवजी ११ किंवा १० मीटरवर मासेमारी आणणे यात कमीपणा नाही. एक सेक्शन कमी केल्याने सर्वांत जाड, म्हणजे वारा सर्वाधिक पकडणारा भाग निघून जातो.

रोलरच्या नळ्या नीट फिरत नसतील तर वाऱ्यात त्याने काय बिघडते?

अडकणारी नळी पोलला पकडते आणि मग पोल मागे जाताना अख्ख्या रोलरलाच मागच्या बाजूला ढकलतो. बरेच जण अशा वेळी वाऱ्याला दोष देतात. नळीच्या दोन्ही टोकांशी गवताचे तुकडे, वाळू आणि वाळलेले आमिष साचते; घरी आल्यावर साध्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून मगच रोलर पिशवीत ठेवावा. फाटलेला फोम लगेच बदलावा, कारण फाटलेल्या जागी रुतलेला वाळूचा कण कार्बनवर कायमची रेघ ओढतो.

रोलर उलटून पोल पडलाच, तर काय तपासावे?

गवतावर पडला तर बहुधा काही होत नाही. खडीवर किंवा काँक्रीटवर पडला असेल, तर मासेमारी पुढे चालू करण्यापूर्वी प्रत्येक सेक्शनवरून अंगठा सावकाश फिरवावा आणि जोडांची तोंडे नीट पाहावीत. कार्बनची भिंत पातळ असते आणि केसासारखी चीर ओल्या नळीवर दिसत नाही. नळी कोरडी करून हलकेच दाबल्यास बारीक करकर ऐकू येते. चीर असलेला सेक्शन त्या दिवसापुरता बाजूला ठेवावा. तो मोठ्या कार्पच्या ओढीत तुटला, तर शेजारच्या सेक्शनलाही सोबत नेतो.

कालव्यावर रोलर कसे मांडावेत?

कालव्याच्या काठाने टोपाथ नावाची पायवाट असते, आणि तिच्यावरून चालणारे, धावणारे व सायकलवाले सतत जात असतात. तिथे पोल पाठीमागे सरकवणे म्हणजे वाटेवर आडवा अडसर टाकणे होय. त्यामुळे पोल दोन तुकड्यांत सोडवून काठाला समांतर ठेवतात, आणि रोलरही पायवाटेवर न मांडता बसण्याच्या बाजूला, काठालगत मांडतात. पोल ओढायचाच असेल तर दोन्ही बाजूंना पाहूनच ओढावा. समांतर मांडणीत कालव्याच्या लांबीने वाहणारा वारा पोलला जवळजवळ लागतच नाही, हा त्यातला फायदा.

विजेच्या तारांबाबत काय काळजी घ्यावी?

कार्बन विजेचा वाहक आहे, आणि लांब पोलने तारेला स्पर्श न करता, केवळ जवळ गेल्यानेही माणसे दगावू शकतात. डोक्यावरच्या तारांपासून किमान ३० मीटर दूर बसावे, असा ब्रिटनमधला सर्वमान्य दंडक आहे. वाऱ्याच्या दिवशी तो अधिकच कसोशीने पाळावा, कारण झोताने उचललेला पोल कुठवर जाईल याचा अंदाज बांधता येत नाही. तारा फक्त पाण्यावर नाही ना, एवढे पाहून भागत नाही. रोलर जिथे मांडणार त्या पाठीमागच्या जागेवरही मान वर करून पाहावे. मेघगर्जना ऐकू आली की पोल आडवा ठेवून त्याच्यापासून दूर व्हावे. पाऊस सुरू होण्याची वाट पाहू नये.

किती वाऱ्यानंतर पोल आवरता घ्यावा?

जागेवर बरेच अवलंबून असते. झाडीने वेढलेल्या छोट्या तलावावर जो वारा जाणवतही नाही, तोच केंब्रिजशरमधल्या फेनलँडच्या सपाट चरांवर, जिथे क्षितिजापर्यंत आडोसा नाही, किंवा उत्तर आयर्लंडमधल्या लॉख अर्नच्या मोकळ्या काठावर असह्य होतो. साधारणपणे झोत ताशी ५० किलोमीटरवर, म्हणजे ताशी ३० मैलांवर गेले की लांब पोलचा आनंद संपतो. तोवर फ्लोटही वाऱ्याने ओढला जाऊन आमिष जागेवर राहत नाही. अशा वेळी रीळवाला रॉड आणि आमिष भरून तळाशी बसणारा फीडर काढावा.

हे सर्व महाराष्ट्रात उपयोगी पडेल का?

आपल्याकडे इतक्या लांब पोलने मासेमारीची प्रथा नाही, आणि बहुतेक तलावांतली मासेमारी ठेक्याने सहकारी संस्थांकडे असते, तेव्हा आधी परवानगीचा प्रश्न सोडवावा. कोणी सुट्टीवर येताना आखूड पोल आणलाच, तर रोलरऐवजी फोम गुंडाळलेली, दगडाने दाबलेली साधी घोडी चालते. पाच-सहा मीटरच्या पोलला वेगळा रोलर घेऊ नये.

वाऱ्यात सामान आवरताना कोणता क्रम ठेवावा?

पोल आधी, रोलर नंतर आणि वजन सर्वांत शेवटी. पोल रोलरवर असतानाच बुडाकडचे सेक्शन एकेक सोडवून म्यानात सरकवावेत. जमिनीवर सुटे ठेवल्यास रिकाम्या नळ्या वाऱ्याने गडगडत पाण्याकडे जातात. जो रोलर आधी रिकामा होईल तो घडी करावा, मग दुसरा. पाण्याचे कॅन दोन्ही रोलर पिशवीत गेल्यावरच ओतावेत.